हवेतल्या खटल्यांचे गुरुजी

ऑगस्टसच्या काळातल्या रोममध्ये भाषणकलेच्या गुरुजींना गाठायचं, तर न्यायालयात जाऊन उपयोग नसे. ते वर्गात सापडत, आणि वर्गात त्यांना हरवणारा अजून जन्माला यायचा होता. घरात प्यायला पाणीसुद्धा ते प्रस्तावना, युक्तिवाद, समारोप अशा क्रमाने मागत असावेत, असा माझा संशय आहे.

सरावासाठी रचलेल्या त्यांच्या काल्पनिक खटल्यांच्या जगात समुद्रावर मासळीपेक्षा चाचे जास्त. घरोघरी बाप मुलाला बेदखल करायला टपलेले. थोरल्या सेनेकाने नोंदवलेला एक विषय बघा. मुलगा चाच्यांच्या तावडीत, बाप खंडणी भरेना. चाच्यांच्या सरदाराची मुलगी त्याच्याकडून लग्नाची शपथ घेऊन त्याला सोडवते, तो तिला घेऊन घरी येतो. बाप म्हणतो, हिला सोड, एका श्रीमंत पोरक्या मुलीशी लग्न कर. मुलगा नाही म्हणतो, बाप बेदखल करतो. बोला आता! शिष्य दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलत. बांधाचे, वाटणीचे रटाळ तंटे गुरुजींच्या खिजगणतीत नसत.

शिष्यांची भक्ती तर विचारू नका. पोर्कियस लात्रो अभ्यासाने पांढराफटक पडलेला, म्हणून त्याचे चेले जिरं घेऊन तसा रंग आणत, असं प्लिनी सांगतो. याच लात्रोवर स्पेनमध्ये नातेवाइकाचा खरा खटला लढवायची वेळ आली. वर आकाश, समोर न्यायाधीश. पहिल्याच वाक्यात व्याकरण कोसळलं. अखेर सगळं कामकाज छपराखाली हलवून घेतलं, तेव्हा स्वारी भानावर आली.

अल्बुकियस या दुसऱ्या गुरुजींची गत त्याहून वाईट. भर कोर्टात त्याने प्रतिपक्षाला आव्हान दिलं: शपथेवरच निकाल लावायचा ना? मग घे बापाच्या राखेची शपथ, जिला तू मूठमातीही दिली नाहीस! समोरचा वकील शांतपणे म्हणाला, कबूल, माझा अशील शपथ घेईल. अल्बुकियस ओरडत राहिला की ती अट नव्हती, नुसता अलंकार होता. न्यायाधीशांनी शपथ मान्य केली. गृहस्थाने पुन्हा कोर्टाची पायरी चढायची नाही असं ठरवलं.

अशा शाळांना शिव्या देणारे कमी नव्हते. इ.स.पू. ९२ मध्ये सेन्सॉर क्रॅससने (स्वतः नामांकित वक्ता!) नव्या लॅटिन भाषणशाळांविरुद्ध जाहीर नापसंती व्यक्त केली होती. पुढे क्विन्तिलियन म्हणाला, शाळा असू देत, पण विषय तरी खऱ्या खटल्यांसारखे द्या. मला विचाराल तर शहाणपणाचं एवढंच. पेट्रोनियसच्या कादंबरीतले गुरुजी मात्र सगळं खापर पालकांवर फोडतात: त्यांना पोरगं झटपट वक्ता व्हायला हवं, आम्ही वेड्यांबरोबर वेडे झालो नाही, तर वर्ग ओस पडेल.

वर्ग ओस पडले नाहीत. सम्राट व्हेस्पाशियनने तर भाषणगुरूंना सरकारी खजिन्यातून वर्षाला १,००,००० सेस्टर्स पगार सुरू केला.