खिशाला टेस्टर

बीड शहरातल्या कोणत्याही जुन्या कॉलनीत एक आप्पा असतात. कुठं त्यांना मामा म्हणतात, कुठं नाना, कुठं गुरुजी. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर दिसला की ओळखावं, हेच ते. आमचे आप्पा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. तिथं त्यांच्याकडं आवक-जावकचं टेबल होतं आणि विजेशी संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता. तरीही कुणाच्या स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज जरा बदलला की आप्पा चपला ओढत दारात हजर. बोलावणं यायची वाट पाहत बसले तर तोवर मिक्सर जळून जाईल, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची कीर्ती सुरू झाली ती उन्हाळ्यात, येसर मसाल्याच्या दिवसांत.

"कामून थांबला वो वहिनी?"

"येसर काढायला घेतला आन् मधीच बंद पडला, आप्पा. जळला का काय कुणास ठाऊक."

आप्पांनी मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटण शोधलं आणि भाषण ठोकलं. भांडं गच्च भरलं, मसाला कोरडा असला आणि मिक्सर न थांबता फिरवला की मोटर तापते. ती जळू नये म्हणून हे बटण आपोआप बाहेर येतं. माल निम्मा काढा, दहा मिनिटं गार होऊ द्या, मग बटण आत दाबा. तसंच केलं आणि मिक्सर घुर्रकन फिरला. दुकानात नेला असता तर पैसे गेले असते, हे वहिनींनी संध्याकाळपर्यंत चार घरी सांगितलं. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. बिघडलं ते त्यानंतर. जगातल्या प्रत्येक यंत्राच्या बुडाशी एक लाल बटण असतं, अशी आप्पांची खात्री झाली. त्यांनी लोकांचे फ्रिज कलते केले, कूलर आडवे पाडले. एकदा तर गॅसची शेगडी उलटी केली. तीही वर दूध असताना.

विजेबद्दल त्यांचं तर्कशास्त्र स्वतंत्र आहे. "परळीला 1971 पासून वीज तयार व्हायलीय. जिल्ह्यातली वीज जिल्ह्यात कशी कमी पडंल? तुमच्या वायरिंगमधीच गळती आसंल." लाइट गेली की ते टेस्टर घेऊन प्रत्येक सॉकेटमध्ये वीज शोधतात. ती कॉलनीतच नसते, त्यामुळं टेस्टर पेटत नाही आणि आप्पांचं निदान पक्कं होतं. मात्र प्लगबद्दल त्यांचं ऐकावं. तीन पिनांतली जाड, लांब पिन अर्थिंगची. ती लांब ठेवतात ती प्लग खोचताना आधी जोडली जावी म्हणून. दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही म्हणून ती कापून टाकणारे महाभाग त्यांनी पाहिले आहेत, आणि त्यांच्या दारात उभं राहून त्यांची शोभा केली आहे.

दुसऱ्या खिशात लोहचुंबक. सुभाष रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात आप्पा शिरले की मालक चहा मागवतो आणि कपाळाला हात लावतो. आप्पा प्रत्येक पातेल्याला चुंबक लावणार. चिकटलं की, "हे स्टील नाही. पत्रा हाय." आता खरं असं की 304 नावाच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं आणि चुंबक त्याला सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त घातलेल्या स्वस्त 202 लाही तो चिकटत नाही. उलट 430 या प्रकाराला चिकटतो, तरी ते स्टेनलेस स्टीलच असतं. म्हणजे चुंबकानं एवढंच कळतं की चुंबक चांगला आहे. त्यापेक्षा बुडावरचा शिक्का वाचावा, भांडं हातात तोलून पाहावं आणि कड पातळ आहे का ते बघावं. हे दुकानदारानं अनेकदा सांगितलं. आप्पांनी मुलीच्या लग्नात सगळी भांडी न चिकटणारीच घेतली, वर आहेराची तारीख घालून नावंही टाकून घेतली.

पुढं पुण्याच्या मुलानं इंडक्शन शेगडी पाठवली. त्या शेगडीला चुंबक चिकटणारंच बूड लागतं. घरातलं एकही पातेलं तापेना. दुसऱ्या दिवशी आप्पा तोच चुंबक घेऊन त्याच दुकानात गेले आणि चिकटणारी भांडी मागू लागले. मालकानं शांतपणे विचारलं, "आप्पा, चुंबक बदलला का मत बदललं?"

काचेच्या ताटांचीही त्यांनी परीक्षा घेतली. शेजारच्या वास्तुशांतीला ओपलवेअरचा सेट आला होता. "ह्यो फुटतच नाही," म्हणत आप्पांनी ताट कमरेइतक्या उंचीवरून सोडलं. फुटलं नाही. टाळ्या पडल्या, म्हणून परत सोडलं. ही काच कडक केलेली असते, मार सोसते. पण कडेला बारीक चरा गेला असेल तर पुढच्या टोल्याला अख्खी उडते. घरमालकीण वर्षभर कोपऱ्यांतून तुकडे वेचत होती. आप्पांचं म्हणणं, पहिल्या वेळी सिद्ध झालंच होतं.

पाली-झुरळांच्या बाबतीत ते अधिक धाडसी आहेत. अंड्याची टरफलं टांगली की पाली पळतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. आप्पा माळकरी, वारी न चुकवणारे. दिवेलागणीला ते शेजाऱ्यांकडं गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून टरफलं घेऊन आले. हे कुणीतरी पाहिलं. पाली गेल्या नाहीत, एक तर टरफलाशेजारीच मुक्कामाला आली. मात्र आप्पा अंडी खातात ही बातमी नारायणगड देवस्थानापर्यंत पोचली म्हणतात.

झुरळांवरचा त्यांचा उपाय मात्र खरा. बोरिक पावडर, कणीक, थोडी साखर, दुधाचा शिपका. बारीक गोळ्या करून फ्रिजमागं, मोरीच्या कोरड्या कोपऱ्यात, लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायच्या. परिणाम दिसायला आठवडा तरी जातो. आप्पांना धीर नाही. त्यांनी जोर वाढावा म्हणून हिंग घातला आणि झुरळांनी गोळ्यांकडं पाठ फिरवली. आप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, न बोलता हिंगाशिवाय नव्या गोळ्या वळल्या. महिन्याभरात झुरळं गेली. श्रेय आप्पांनी घेतलं.

काकूंचं हे असंच चालतं. बीडला नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी ड्रम भरलेले. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, हे आप्पांनी दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं आणि शेजाऱ्यांचे ड्रम उपडे करायला निघाले. बायका बादल्या घेऊन अंगावर आल्या. काकूंनी जुन्या लुगड्याचे तुकडे घरोघरी नेले आणि ड्रमच्या तोंडाला घट्ट बांधायला लावले. कूलरची टाकी मात्र सगळ्यांनी आठवड्याला कोरडी करून घासायची, हे त्यांनी ठरवून दिलं.

एका बाबतीत दोघांचं एकमत आहे. ज्वारीच्या कोठीत कीड लागू नये म्हणून काही घरांत विषारी गोळ्या टाकतात. त्यांतून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत माणसं झोपेतच मरतात. हा विषय निघाला की आप्पा विनोद करत नाहीत, भाषणही करत नाहीत. ज्वारीला कडक ऊन द्या, कोठी कोरडी ठेवा, कडुनिंबाचा पाला घाला, थोडं धान्य किडलं तर किडू द्या, एवढंच सांगतात.

तेव्हा घरातलं काही बिघडलं तर आप्पांना जरूर विचारा. फक्त काकू घरी आहेत ना, तेवढं आधी बघून घ्या.