जरा थांबा

१९९१ च्या जूनमध्ये मला श्रोत्याचं पहिलं पत्र आलं. पोस्टकार्ड, सदाशिव पेठेतून, निळ्या शाईत, अक्षर मोत्यासारखं. एका रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदक म्हणून लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. नैमित्तिक म्हणजे महिन्यात सहा ड्युट्या आणि उरलेले चोवीस दिवस सातव्या ड्युटीची आशा. कार्ड हाती पडताच मी आधी चार घरी जाऊन ‘पत्रं यायला लागली बरं का’ असं सांगून आलो आणि मग ते वाचलं.

‘स. न. वि. वि. काल सकाळी आपण श्रोत्यांना “जरा थांबा” असे सांगितलेत. त्यातला ज आपण जगन्नाथातला लावलात. तसा लावल्यास जरा म्हणजे वार्धक्य. माझे वय ७८ आहे. तिला थांबण्याची विनंती मी गेली वीस वर्षे करीत आहे. आपल्या शब्दाला ती मान देत असल्यास कृपया कळवावे.’

खाली सही आणि सहीखाली ‘उत्तराची अपेक्षा आहे’.

मराठीत च, ज, झ यांचे उच्चार दोन-दोन आणि अक्षर मात्र एकेकच. जग जिंकणाऱ्याचा ज वेगळा, ‘शंभर वर्षं जग’ मधला वेगळा. कागदावर दोघे जुळे भाऊ. कोण कुठला ते घरच्यांनीच ओळखायचं. बार्शीला आमच्या घरी मी ‘जरा सरक’, ‘जरा पैसे दे’ हे अगदी बिनचूक म्हणत होतो. पण मायक्रोफोनचा लाल दिवा लागला की माणूस घरचा राहत नाही. त्या दिवसांत मी भारदस्तपणाच्या नादात एकेका शब्दाला सोवळं नेसवून बाहेर काढत असे. बिचारा ‘जरा’ त्यातच संस्कृत झाला.

शिवाय गाव पुणं. इथे आकाशवाणी सुरू झाली २ ऑक्टोबर १९५३ ला आणि १९५५ च्या रामनवमीपासून तिने ‘गीतरामायण’ ऐकवायला घेतलं. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांच्या चाली, एकूण ५६ गाणी, वर्षभर पुरलेली. त्याच केंद्रावर व्यंकटेश माडगूळकर नोकरी करत होते आणि काही काळ पु. ल. देशपांडेही. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देऊ लागल्या की त्यांच्या आवाजावर लोक घड्याळं लावत. ज्यांचे कान असे घडलेत त्यांच्यापुढे बार्शीहून येऊन मराठी बोलायचं, म्हणजे चितळ्यांच्या दारात बाकरवडीचा गाडा लावायचा.

त्या गृहस्थांची पुढच्या सहा वर्षांत एकूण चौदा कार्डं आली. एकातही शाबासकी नाही. माझा मात्र ज सुधारला.

लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, “आपण काय करता?” म्हटलं, “बोलतो.” ते म्हणाले, “ते ऐकतोच आहे. करता काय?” या प्रश्नाचं उत्तर मी पस्तीस वर्षं शोधतोय. या धंद्यात माणूस एका कामावर जगत नाही हे मला ठाऊक होतं, कारण माझं दैवत बाळ कुडतरकर. मुंबई आकाशवाणीचा हा माणूस. ‘कामगारसभा’, ‘वनिता मंडळ’, ‘आपली आवड’, सगळीकडे तो. ‘पुन्हा प्रपंच’ मधले पंत तो. नीलम प्रभू मीनावहिनी आणि प्रभाकर जोशी टेकाडे भावजी. तिघं मिळून साऱ्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात बसून बोलायची आणि चहाचा खर्च शून्य. वर सिनेमाआधी दाखवायच्या सरकारी वृत्तपटांना मराठी आवाज त्यांचाच. पूर आला तरी कुडतरकर, धरण बांधलं तरी कुडतरकर. २०२० साली शंभरीच्या उंबरठ्यावर गेले. मी ठरवलं, आपणही असंच व्हायचं. झालो, फक्त पूर आणि धरणाऐवजी माझ्या वाट्याला म्हशीच्या कासदाहावरचा माहितीपट आला.

मग हळूहळू फरसाण, बनियन, फ्लॅट योजना, वधू-वर मेळावा. आवाज देणाऱ्याने काय पाळायचं ते या काळात शिकलो. सेशनआधी दूध नाही, केळं नाही. नायलॉनचा शर्ट नाही, कारण तो मायक्रोफोनला आपल्यापेक्षा मोठ्याने ऐकू येतो. आणि उपाशीपोटी जायचं नाही. एका श्रीखंडाच्या जाहिरातीत माझ्या पोटाने अशी गुडगुड केली की रेकॉर्डिस्ट म्हणाला, “सर, हा टेक सर्वांत मनापासून आलाय.”

पण खरी शाळा गणपतीतली. पुण्यातल्या मंडळांचे जिवंत देखावे पाहिलेत ना? पोरं स्टेजवर हातवारे करतात आणि आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो. एका मंडळासाठी मी अफझलखान झालो. तीन दिवस घरी मरण्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी वॉचमन वर येऊन हिला हळूच विचारून गेला, “ताई, सगळं ठीक आहे ना?” देखावा सुरू झाल्यावर सहकुटुंब बघायला गेलो. खानाचं काम करणारा मुलगा वजनाने बरोबर होता, पण घाईचा. वाघनखं लागायच्या आत आडवा झाला आणि पुढचं अर्धं मिनिट मेलेल्या खानाच्या देहातून माझा आवाज ‘दगा! दगा!’ ओरडत राहिला. गर्दीतली एक छोटी म्हणाली, “बाबा, भूत.” रात्री साडेअकरापर्यंत मी असा चौदा वेळा मेलो. मानधन म्हणून शाल, नारळ आणि ‘पुढच्या वर्षीही तुम्हीच’.

२०१७ च्या फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक होती. १६२ जागा, बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक निवडायचे. मतदाराला चार मतं आणि आम्हा आवाजवाल्यांना सुगी. एकाच प्रभागातल्या तीन उमेदवारांचं काम मी घेतलं. वेगवेगळ्या पक्षांचे होते, म्हणून आवाजही वेगवेगळे लावले: एकाला खर्ज, एकाला उत्साह, अपक्षाला करुण. तीनही प्रचाराच्या रिक्षा कधी ना कधी एका चौकात भेटणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. भेटल्या. संध्याकाळी सहाची वेळ, वाहतूक ठप्प, रिक्षावाले हॉर्न उतरवायला तयार नाहीत. एक मी विकासाची गंगा आणत होतो, दुसरा मी ‘गेल्या पाच वर्षांत काय केलं, विचारा त्यांना’ म्हणत होतो आणि तिसरा मी ‘या दोघांनाही कंटाळलात ना?’ असा टाहो फोडत होतो. चौथा, खरा मी, पानाच्या टपरीआड उभा. शेजारचे आजोबा नीट ऐकून घेऊन म्हणाले, “पहिले दोघे थापाडे वाटतात. हा तिसरा तळमळीचा आहे.” हिशेबासाठी सांगतो: निवडून आलेल्याने पैसे बुडवले, पडलेल्याने दिले आणि तळमळीचा अजून हप्त्याने फेडतोय.

टाळेबंदीत, २०२० मध्ये, ऑडिओबुकांचं काम आलं आणि स्टुडिओ बंद. घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे हिचं साड्यांचं कपाट. कापडात आवाज घुमत नाही. लॅपटॉप, मायक्रोफोन, बॅटरी आणि मी असे पैठण्यांखाली बसून कादंबरी वाचत होतो. प्रकरण प्रेमाचं होतं. नायक नायिकेच्या कानाशी वाकून आता बोलणार, एवढ्यात दार उघडलं आणि ही म्हणाली, “अहो, जरा ती चॉकलेटी सुती द्या.” उच्चार बिनचूक होता. तो टेक मी जपून ठेवलाय.

चेहऱ्याचं म्हणाल तर आमच्या धंद्यात त्याची गरज नाही. पुणे आकाशवाणीवर काम केलेले जयराम कुलकर्णी पुढे पडद्यावर इन्स्पेक्टर म्हणून इतके शोभले की लोकांना ते खरेच पोलिस वाटायचे. तसं भाग्य एखाद्याचंच. मला लोक आधी आवाजावरून ओळखतात, मग वळून बघतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर उघड निराशा उमटते. “अहो, आम्हाला वाटलं तुम्ही उंच असाल,” असं एक बाई मंडईत म्हणाल्या. हातात माझी मेथी होती. मी खर्ज लावून “असतो कधीकधी” म्हणालो.

एकदा एका कंपनीच्या ग्राहकसेवेसाठी मी ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ वगैरे रेकॉर्ड केलं. पुढे आमचीच तक्रार नोंदवायला हिने तिथे फोन लावला आणि ओट्यावर स्पीकर चालू करून ठेवला. पाऊण तास माझा आवाज तिला धीर धरायला सांगत होता. मी अंघोळ करून बाहेर आलो, पोटात कावळे ओरडत होते, म्हणून म्हटलं, “वाढतेस का जेवायला?” ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “आपण रांगेत सातवे आहात.”

आणि आता यंत्र आलं. गेल्या दिवाळीत माझी साठी झाली, त्याच महिन्यात हिंजवडीच्या एका कंपनीने मला चार दिवस बसवून सुटी वाक्यं वाचून घेतली. ‘मांजर पत्र्यावर बसले आहे. आपला हप्ता थकला आहे. हार्दिक अभिनंदन.’ यातून म्हणे माझ्यासारखा आवाज तयार होणार आणि मी न जाता, न जेवता, नायलॉनचा शर्ट घालूनही तो बोलणार. महिन्याभराने नमुना आला. कानाला लावला. खर्ज माझा, श्वास माझा, वाक्याच्या शेवटी घशात येणारी बारीक खरखरसुद्धा माझी. म्हणालं, “कृपया जरा थांबा.” ज जगन्नाथातला.

मी फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, “सर, स्पेलिंग तर बरोबर आहे.”

सदाशिव पेठेतलं शेवटचं कार्ड १९९७ साली आलं होतं. मग बंद झालं. मी समजायचं ते समजलो. चौदाही कार्डं माझ्या खणात आहेत. त्या दुपारी त्यातलं पहिलं काढून समोर ठेवलं, पोस्टात जाऊन नवं आणलं आणि निळ्या शाईत, जमेल तेवढं अक्षर सांभाळत लिहिलं: ‘स. न. वि. वि. आपल्या यंत्राने मला “जरा थांबा” असे सांगितले. माझे वय ६० आहे...’

खाली ‘उत्तराची अपेक्षा आहे’ हेही लिहिलं. पोस्टकार्ड अजून ५० पैशांनाच मिळतं.