घ घराचा, र पण घराचा

आप्पा बळवंत चौकात मुळाक्षरांचा तक्ता मागितला, की दुकानदार मागे न बघताच हात घालतो आणि एक गुंडाळी काढून देतो. तक्ता चकचकीत, लॅमिनेशन केलेला, ओल्या फडक्यानं पुसता येणारा. चित्रं मात्र पेशवाई नुकतीच बुडाल्यासारखी. उ उखळाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा, ख खटाऱ्याचा. माझी भाची चिऊ सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते. ऐरण तिनं काय, तिच्या आजोबांनीही जवळून पाहिलेली नाही. 2009 साली शासनानं ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली, ती बातमीही या तक्त्यापर्यंत पोचलेली दिसत नाही.

चिऊची शाळा इंग्रजी माध्यमाची. निदान घरी तरी मराठी अक्षरओळख व्हावी असा ताईचा आग्रह, आणि संध्याकाळी सापडते मी.

चिऊ अक्षर वाचतच नाही, चित्र वाचते. ए वर बोट ठेवलं, की ठणकावून सांगते, ‘मेंढी!’

‘अगं, तो एडका.’

‘एडका म्हणजे?’

‘मेंढीचा नवरा.’

‘मग मेंढी कुठेय?’

मेंढी तक्त्यात नाही. म मगरीनं अडवलाय. ईडलिंबाला चिऊ मोसंबी म्हणते, झबल्याला टीशर्ट. म्हणजे तिच्या हिशेबानं ई चा उच्चार मो आणि झ चा टी. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षण खेड्यात नेलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि दोघींनी आसपासच्या शंखशिंपल्यांतून, पानाबियांतून मुलांना शिकवलं. मुलाला जे दिसतं तिथून सुरुवात करायची, इतकं साधं ते. त्या न्यायानं आमच्या तक्त्यावर ओ ओटीपीचा हवा. तो शब्द चिऊच्या घरात दिवसातून दहादा ओरडून सांगितला जातो.

शेवटी मी नियम सांगितला : चित्राच्या नावातलं पहिलं अक्षर ऐकायचं. चिऊनं तो चटकन उचलला आणि गाडी ण पाशी येऊन थांबली.

‘बाण. म्हणजे ब.’

‘नाही गं, इथे शेवटचं अक्षर ऐकायचं. ण नं मराठी शब्द सुरू होत नाही. ळ चंही तसंच, म्हणून तो बाळाचा.’

चिऊनं थोडा विचार केला. ‘मग घ घराचा, र पण घराचा?’

‘हो, तसं बघितलं तर...’

‘मग घर कुणाचं?’

या प्रश्नावर आमच्या वाड्यात दोन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. मी वरच्या ओळींकडे वळले. ङ आणि ञ यांच्या चौकटीत चित्रच नाही. ‘हे दोघं आज ॲबसेंट,’ असं चिऊनंच जाहीर केलं.

खरी फजिती च नं केली. ‘चमच्याचा’ हा एकच शब्द सावकाश म्हणून बघा. पहिला च दातांमागे, मधला च्या टाळूला, शेवटचा चा पुन्हा दातांमागे. एक चमचा हातात असला तर जीभ पुढे. दोन चमचे झाले, की दुसरा च मागे सरकला. व्याकरणात याला दंततालव्य आणि तालव्य अशी भारदस्त नावं आहेत, पण लिहिताना दोघांचा चेहरा एकच. आपण जन्मभर हे बिनबोभाट करत असतो. चार वर्षांच्या मुलीनं मात्र पकडलं : ‘मावशी, हा च माझा नाहीये. माझा चिऊतला च कुठेय?’

ताईच्या मते या सगळ्यावर उतारा म्हणजे फोनिक्स. अक्षराचं नाव नाही, आवाज शिकवायचा. तिच्याबरोबर मीही शाळेतल्या फोनिक्सच्या पालकसभेला गेले होते. बँकेतले मोठे साहेब, एक सर्जन आणि आमचे भावोजी असे सगळे एका ओळीत उभे राहून, हात सापासारखा वळवत स्स्स करत होते. इंग्रजीला हे सोसावंच लागतं. सव्वीस अक्षरांत चाळीसच्या वर आवाज कोंबायचे, एच च्या नावात ह औषधाला नाही, सी कधी क तर कधी स. म्हणून एस, ए, टी, आय, पी, एन ही सहाच आधी घ्यायची, की सॅट, पिन, टिन असे शब्द लगेच जुळतात. ताई भारावून म्हणाली, ‘काय डोकं लावलंय बघ!’ मी तिला गमभन ची आठवण करून दिली. चार सोप्या वळणांची अक्षरं. त्यांत मन, नभ, गगन, नमन, गमन सगळं बसतं. ती म्हणाली, ‘ते वेगळं.’ वेगळं खरंच, त्याची फी नव्हती.

मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि गमभन काढलं. चिऊ आठवड्याभरात ‘नमन’ वाचायला लागली. मग तिला स्वतःचं नाव लिहायचं होतं, म्हणून वेलांटीवर आलो. मी च लिहिला, त्याच्या डावीकडे वेलांटी काढली.

‘ही पहिली वेलांटी.’

‘इच,’ चिऊनं वाचलं.

‘चि. आधी च म्हणायचा, मग इ.’

‘पण ती आधी बसलीय. आणि तिचं नावच पहिली आहे.’

‘बसते आधी, वाचायची नंतर. तशीच पद्धत आहे.’

चिऊनं पेन्सिल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला : शाळेची बस खाली हॉर्न देतेय, आणि ही बूट घालून त्यावर मोजे चढवत बसलीय, विचारलं तर म्हणते मावशीनं सांगितलंय.