तळ्याचे गॅजेटपंचांगकर्ते

तळा गावाच्या बाजारपेठेत कोणाला नवा फोन घ्यायचा असला, की तो आधी भाऊंना गाठतो. भाऊंचं दुकान नाही आणि मोबाइल दुरुस्तीही त्यांना येत नाही. त्यांच्याकडे असते ती ताजी खबर. कॅलिफोर्नियातली एखादी कंपनी रात्री शिंकली, की सकाळच्या चहाला तळ्यात तिचं निदान तयार. असे भाऊ हल्ली प्रत्येक तालुक्यात निघतात. तळ्याचे जरा जास्त सोवळे, एवढंच.

म्हणजे ते प्रत्येक बातमी पंचांगाशी ताडून पाहतात. ॲपलवरचा त्यांचा राग किमतीचा नाही, मुहूर्ताचा आहे. आयफोन १५ विक्रीला आला २२ सप्टेंबर २०२३ला, ऐन गौरीपूजनाच्या दिवशी. "घरात गौरी जेवायला बसलेल्या आणि पोरं बीकेसीत रांगेला!" पुढचा १६ आला २० सप्टेंबर २०२४ला, पितृपक्षात. मग १७ आला १९ सप्टेंबर २०२५ला, पुन्हा पितृपक्षातच. त्या सकाळी मुंबईत बीकेसीच्या ॲपलच्या दुकानाबाहेर रांगेत हाणामारी झाली, तेव्हा भाऊंना वाईट वाटलं असं म्हणवत नाही. पक्षात नवी वस्तू घ्यायला गेलात, दुसरं काय होणार?

"तो ॲपलचा टिम कुक २०२३ला माधुरीबरोबर वडापाव खाऊन गेला," ते हळहळतात. "पण एकालाही त्याच्या हातात कालनिर्णय ठेवायचं सुचलं नाही."

भाऊ काळही फोनातच मोजतात. मुंबई-गोवा महामार्गावर तळ्याला वळायचं ते इंदापूरला. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, म्हणजे भाऊंच्या हिशेबात आयफोन ४एसच्या वेळी. एसटी खड्ड्यात आदळली, की ते शेजारच्याला सांगतात, "सतरावा आला बघा, रस्ता अजून चौथ्यावरच आहे."

बुडीत खात्यांची त्यांना विशेष गोडी. अमेरिकेतल्या ह्यूमेन कंपनीनं २०२४मध्ये छातीवर लावायची एआय पिन काढली. किंमत ६९९ डॉलर, वर महिना २४ डॉलर. फोनच्या पडद्याऐवजी अक्षरं तळहातावर उमटायची. २८ फेब्रुवारी २०२५ला कंपनीनं ती बंदच केली. "साठेक हजार मोजून तळहात वाचायचा," भाऊ म्हणतात, "त्यापेक्षा आपला ज्योतिषी काय वाईट?"

नोएडाच्या 'फ्रीडम २५१'ची गोष्ट तर ते दर शिमग्याला रंगवून सांगतात. फेब्रुवारी २०१६मध्ये २५१ रुपयांत स्मार्टफोन मिळणार म्हणून देशभर झुंबड उडाली आणि पहिल्याच दिवशी वेबसाइट कोलमडली. पत्रकारांना दाखवलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, व्हाइटनरनं झाकलेलं. भाऊंनी हे तेव्हाच ओळखलं होतं, असं ते आता सांगतात.

भाऊंची वाणी एकदाच आटली. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं आणि विजेबरोबर टॉवरही गेले. त्या दिवसांत भाऊ दिसेल त्याला विचारत होते, "काय कळलं का?"

सप्टेंबर २०२५मध्ये आयफोन १७ आला, त्याच आठवड्यात सरकारनं लाडक्या बहिणींना ई-केवायसी लावलं. भाऊंच्या ओटीवर बायकांची रांग लागली. भाऊ नव्या फोनच्या ए१९ चिपचं वर्णन करत होते.

"चिप राहू दे भाऊ, ओटीपी आला का बघा," एक वहिनी म्हणाल्या.

वहिनींना स्वतःचा ओटीपी मिळाला, पण नवऱ्याच्या आधारचा काही येईना. भाऊंनी विक्रोळीला त्या नवऱ्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "आधारला जुना नंबर आहे. तो तर मी कधीच सोडला."

"सोडला? कुणाच्या सांगण्यावरून?" भाऊ कडाडले.

"तुमच्याच की. २०१६ला जिओचं सिम फुकट मिळत होतं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, दोन-दोन नंबर पोसायचे कशाला?"