विकतची की घरची?

दिवाळी आली की डोंबिवलीत वाद पेटतो, चकली विकतची की घरची? अमेरिकेत हाच वाद सेमी-ऑटोमॅटिक रायफलीवरून चालतो. तयार घ्यावी, की सुटे भाग आणून घरी जोडावी? स्वस्त काय पडतं?

आपल्याकडे हा हिशेब कायद्यानेच करून ठेवलाय. सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंधित शस्त्रांत मोडते. ठाण्याचं पोलीस आयुक्तालय साध्या शस्त्राचा परवाना देईल, हिच्यासाठी थेट केंद्राची परवानगी हवी. म्हणजे विकतची गेली. राहिली घरची. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवलं तर किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप. बजेटवाल्यांना हे सोयीचं आहे: कल्याणातच आधारवाडी तुरुंग, राहणं-जेवण सरकारी, शिवाय लोकलची गर्दी नाही.

तरीही कमरेला काहीतरी खोचल्याशिवाय आमच्या जिल्ह्यातल्या होतकरू नेत्याला बॅनरवर शोभा येत नाही. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: स्वसंरक्षण. आता सर्वांत सुरक्षित जागा कुठली? पोलीस ठाणं! 2 फेब्रुवारी 2024ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्येच गोळ्या झाडल्या गेल्या आणि कल्याण पूर्वच्या तेव्हाच्या आमदारांना अटक झाली.

बाकी हौशी मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं: हळदीत, वरातीत इतरांचा जीव धोक्यात घालून बार काढला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असला तरी.