गुणाकाराची होडी

सेवानिवृत्तीनंतर मनुष्याच्या हाती जो फंड येतो, तो बँकेत ठेवावा असे अर्थशास्त्र सांगते, जमिनीत घालावा असे नातलग सांगतात; परंतु तो कोठेही घातला तरी अखेर बुडणारच, तेव्हा जिच्या बुडण्यात अस्वाभाविक असे काही नाही अशाच वस्तूत तो गुंतवावा, असे माझ्या अंतःकरणाने सांगितले, आणि तो कौल शिरसावंद्य मानून मी मालवणास जाऊन एक जुनी होडी खरेदी केली.

ही खरेदी निव्वळ विलासापोटी झाली नाही, हे आरंभीच नमूद करतो. होडी दृष्टीस पडण्यापूर्वी, एस.टी.त बसल्या बसल्या, एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मी तिचे उत्पन्न मांडले होते: उतारू ८, दर माणशी ३०० रुपये, दिवसाकाठी फेऱ्या ४ आणि वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे सालीना ३५,०४,००० रुपये. या हिशेबात आजही कोणी चूक दाखवावी. गुणाकार निर्दोष होता. मात्र तो घाटावरच्या रस्त्यावर केलेला होता, आणि होडी समुद्रात चालवायची होती.

विक्रेत्याने होडीचे वर्णन ‘फारशी वापरलेली नाही’ या तीन शब्दांत केले. खाऱ्या हवेत जे मशीन चालत नाही ते गंजते, आणि चालल्यावर जे गोड्या पाण्याने धुतले जात नाही तेही गंजते, हे सत्य त्या तीन शब्दांच्या पोटात दडलेले असते, याचा उलगडा मला पुढे झाला. होडीचा रंग ताजा होता, आणि जुन्या होडीवरचा ताजा रंग हा जुन्या आरोपीने नव्या कोटात दिलेल्या जबानीइतकाच विश्वसनीय असतो, हे कोणी सांगण्याच्या आतच मी इसार देऊन बसलो होतो. शेजारच्या वृद्ध तांडेलाने हातोडी घेऊन फळ्यांवर टकटक केली. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. आमच्या होडीने दोन्ही स्वर बहाल केले. मी त्याचा अभिप्राय विचारला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “होडी पाण्यात आसली तर गळता, साहेब, भायर आसली तर फाटता, कायतरी एक करतलीच.”

यानंतर दप्तराचे प्रकरण सुरू झाले. कान्होजी आंग्र्यांच्या अमदानीत या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत न्यायचे तर त्यांचे दस्तक घ्यावे लागे, आणि ते न घेणाऱ्याची गलबतासह जप्ती होई. ती व्यवस्था जुलमी असेल, पण दस्तक देणारा एकच होता, एवढी तिची थोरवी आज मला पटते. मला नोंदणी हवी होती, सर्वेक्षणाचा दाखला हवा होता, उतारू नेण्याचा परवाना, विमा, माणशी एक जीवरक्षक जाकीट आणि लायसनदार तांडेल हवा होता. आणि यांतील प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावाचून मिळत नव्हता. इंग्रजांनी १९१७ साली केलेला अंतर्देशीय जहाजांचा कायदा जाऊन २०२१ साली नवा आला, तेव्हा आता तरी मार्ग मोकळा होईल या आशेने मी कारकुनासमोर उभा राहिलो. त्याने कायद्याविषयी ब्रसुद्धा न काढता, मागच्या मालकाच्या मागच्या मालकाचे वारसदार परळला असतात, त्यांची ‘ना हरकत’ आणा, असे सुचविले. खिडकीतून सिंधुदुर्ग दिसत होता. १६६४ साली पायाचा चिरा बसलेला तो जलदुर्ग तीन वर्षांत पुरा झाला असे म्हणतात. होडी माझ्या नावावर चढण्यास लागणारा काळ त्याच्याशी चुरस करू लागला होता.

अखेर होडी पाण्यात उतरली, आणि माझ्या गुणाकारातून वजाबाकी सुरू झाली. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकतात. तीन महिने गेले. उरलेल्या दिवसांत पर्यटक येतो तो शनिवार-रविवारी, दिवाळीत, नाताळात आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर. बाकीचे दिवस समुद्र आणि तांडेल यांच्या मालकीचे, पैकी समुद्र पगार मागत नाही. दुपार कलली की वायव्येचा वारा उठतो आणि देवबागच्या संगमापर्यंत जाऊ म्हणणारे उतारू किनाऱ्यावरूनच सूर्यास्त पाहणे पसंत करतात. दोन फेऱ्या गेल्या. ओहोटीला होडी वाळूत बसते आणि उधाणाला तांडेल घरात बसतो. उरल्या त्या सकाळच्या दोन फेऱ्या, डॉल्फिन दाखविण्याच्या. त्यांत डॉल्फिन न दिसल्यास उतारू पैसे परत मागतो, आणि दिसल्यास एवढ्याशा दर्शनाचे एवढे पैसे का, असे विचारतो.

विलासाचे म्हणाल, तर कुटुंबाने पहिल्याच सफरीत किल्ल्याच्या तटाकडे न पाहता होडीच्या तळाकडे पाहत तास काढला आणि उतरताच दर्याला कायमचा नमस्कार केला. नातेवाइकांची भक्ती मात्र अढळ राहिली. ‘तुमचीच होडी आहे ना’ या मंत्राने त्यांनी आठ जागा सदैव भरलेल्या ठेवल्या. म्हणजे माझ्या हिशेबातला उतारूंचा आकडा तेवढा शेवटपर्यंत बिनचूक ठरला.

तिसऱ्या वर्षी कलाफतीचा, मशीनचा आणि पगाराचा जमाखर्च मांडताना जमेची बाजू इतकी स्वच्छ निघाली की ती वही दुसऱ्या कामास वापरता आली असती. त्याच सुमारास एका खाणावळीचे चालक भेटावयास आले. त्यांना अंगणात एक होडी हवी होती. जेवण आटोपलेल्या गिऱ्हाइकांनी तीत बसून, वल्हे हाती घेऊन, छायाचित्र काढावे म्हणून. गळती चालेल, मशीन नको, तांडेल नको, भरती-ओहोटीचा संबंध नाही, वारा कोणताही असो. आणि भाडे दरमहा, पावसाळ्यासह. होडीने आयुष्यात प्रथमच नियमित उत्पन्न दिले, ते कोरड्या जमिनीवर.

करारनामा स्टँप कागदावर झाला. त्यात, सदर होडी कोणत्याही सबबीवर पाण्यात नेऊ नये, असे एक कलम आहे. ते कलम मालकाच्या आग्रहावरून घातलेले आहे.