पांडवांच्या प्रयत्नांतून साकार

महाराष्ट्रात सर्वाधिक बांधकामं कुणाच्या नावावर जमा असतील, तर ती पांडवांच्या. कामाचा पसारा बघता वनवासातली बारा वर्षं त्यांनी नुसते दगडच फोडले असावेत. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा भलामोठा शिलालेख आहे, दान बौद्ध भिक्षूंना दिलेलं आहे, पण नाव पडलं पांडवलेणी!

अंबरनाथचं शिवमंदिरही त्याच खात्यावर. एका रात्रीत बांधलं, तेही म्हणे एकाच दगडात. पहाट झाली, पांडव पुढच्या साइटवर गेले आणि छत तेवढं राहिलं. म्हणून गाभाऱ्यावर उघडं आभाळ. मागोमाग भुयार आलंच. राज्यातल्या झाडून सगळ्या भुयारांप्रमाणे हेही लांबवर जातं आणि ‘आता बुजवलंय’.

चार बुकं शिकलेला माणूस पांडवांना हसतो आणि ठणकावून सांगतो, ‘‘अहो, हेमाडपंती आहे हे!’’ हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. मंदिर 1060 सालचं. म्हणजे पंतांनी जन्माच्या बरंच आधी काम हातावेगळं केलं. मुदतीपूर्वी काम पूर्ण झाल्याचं असं उदाहरण सार्वजनिक बांधकाम खात्याने फ्रेम करून लावावं.

खरा मालक बिचारा नाव कोरून बसलाय. मंदिरातच शके 982 चा शिलालेख आहे. उत्तर कोकणचे शिलाहार. थोरला भाऊ छित्तराज याच्या नावाशी जोडलेलं हे काम धाकट्या मामवाणीच्या कारकिर्दीत पुरं झालं. लेखात राजासोबत त्याच्या अमात्यांचीही नावं आहेत. मंत्र्यांशिवाय फलक तेव्हाही लागत नव्हता! फरक एवढाच, की आजचे फलक निदान लोक वाचतात.

वाचायचं नसेल तर नुसतं बघा. पायथ्याशी हत्तींची रांग, त्यावर खाचाखोचांत उभ्या मूर्ती, पावसाने नाकं-डोळे पुसून गेलेल्या. शिखर मोडलंय, पण उरलेल्या भागावर चिमुकल्या शिखरांच्या उभ्या ओळी माळेसारख्या गुंफलेल्या दिसतात. या शैलीला भूमिज म्हणतात. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. खाली तळघरागत गारवा, दगड तेलापाण्याने निसरडा, आणि वरून थेट पिंडीकडे येणारा उजेड. हे करायला पिढ्यान् पिढ्यांची पाथरवटाची विद्या लागते, गदा चालत नाही. पण एका रात्रीची गोष्ट सांगितली, की घामाचा हिशेब द्यावा लागत नाही. राजा नको, कारागीर नको, काही वाचायलाही नको.

बाकी रात्रीत काम उरकण्याची परंपरा या पंचक्रोशीत अगदीच बुडालेली नाही. मंदिराला लागून वालधुनी नदी वाहते. 2014 साली ऐन रात्री कुणीतरी तिच्यात घातक रसायन ओतलं आणि उल्हासनगरातली शेकडो माणसं झोपेतून उठून थेट रुग्णालयात गेली. कारखान्यांचं सांडपाणी तर ती वर्षानुवर्षं पोटात घेतेच आहे. नाक दाबून पूल ओलांडणाऱ्या कुणालाही विचारा, हे काम कुणाचं? इथे पांडवांचं नाव कुणी घेत नाही, आणि ‘यांच्या प्रयत्नांतून’ असा फलकही काठावर अजून लागलेला नाही.